विमा नको, लिंबू-मिरची पुरे

गाडीचा इन्शुरन्स संपलाय? अजिबात घाबरू नका. पुण्यात तुमच्यासारखे भरपूर आहेत आणि सगळे मजेत फिरताहेत. त्यातला एक तर परवाच मला भेटला, म्हणजे मागून येऊन भेटला, त्याचं पुढे सांगतोच. पण त्याच्याकडे बघून लक्षात आलं की ही पण एक साधना आहे, कुणालाही उगाच जमत नाही, म्हणून म्हटलं नव्या मंडळींसाठी थोडं मार्गदर्शन लिहून ठेवावं.

सगळ्यात आधी फोनचा बंदोबस्त करा. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधीपासून "सर आपकी कार का इन्शुरन्स" म्हणत दिवसभर फोन येतात, एसेमेस येतात, मेल येतात, एजंट येऊन सोसायटीच्या वॉचमनकडे कार्ड देऊन जातो. हे सगळे ब्लॉक करा. म्हणजे उद्या चौकात ट्रॅफिकच्या मामांनी अडवलं की भोळा चेहरा करून "अहो, लक्षातच नाही राहिलं" म्हणता येतं.

मग हिशोब. हा पाठच करा, लोकांना समजवायला उपयोगी पडतो. हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणाऱ्या विम्याचा, प्रीमियम ३,४१६ रुपये, वर जीएसटी, हा २०२२ च्या जूनमध्ये ठरलेला दर. आणि इन्शुरन्स नसताना सापडलात तर दंड? २,००० रुपये. म्हणजे पावती फाडूनसुद्धा १,४१६ रुपये खिशात, आणि पकडलंच नाही तर सगळेच. दुसऱ्यांदा सापडलात तर ४,००० होतात, पण दुसऱ्यांदा त्या चौकातून जायचंच कशाला? मोटार वाहन कायद्याच्या ज्या १९६ कलमात हा दंड आहे, त्यातच तीन महिन्यांपर्यंत कैद असंही काहीतरी लिहिलंय, तेवढी ओळ वाचायची नाही.

वाचलेल्या पैशात गाडीचे लाड करा. चॉईस नंबर घ्या, काळ्या काचा करा, डिकीत असा वूफर बसवा की अख्ख्या कर्वेनगरच्या खिडक्या हलल्या पाहिजेत. आणि लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदला. तिची एक्स्पायरी तुम्हाला बरोबर लक्षात राहते, हे मी पाहिलंय.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, चढवू नका, पॉलिसीतही नको. उगाच बोभाटा कशाला.

पांढऱ्या पाटीच्या गाडीत हिंजवडीची चार डोकी पैसे घेऊन बसवत असाल तर फारच छान, ती खासगी वापराची पॉलिसी क्लेमच्या वेळी तुमच्याकडे बघून हसते.

पावसाळ्यासाठी खास सूचना. थर्ड पार्टी असली तरी पुष्कळ झालं, फुल इन्शुरन्स म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं पार्किंगमध्ये छाती काढून सांगत राहा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने गाड्या काडेपेटीसारख्या वाहून नेल्या, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं, पण ते दुसऱ्यांच्या सोसायटीत. थर्ड पार्टीमध्ये स्वतःच्या गाडीचं एक पैशाचं नुकसान मिळत नाही, पूर असो, चोरी असो, आग असो. आणि समजा फुल पॉलिसी आहे, तर पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल मारा, पुन्हा मारा, पाणी आत ओढून इंजिन जॅम होईपर्यंत मारा. इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलेलं नसलं की सर्व्हेअर दोन्ही हात वर करायला मोकळा.

गाडी विकलीत ना? पैसे आले ना? मग आरटीओत जाऊन आरसी ट्रान्सफर वगैरे करत बसू नका, संगम पुलापर्यंत कोण जाणार त्या उन्हात. स्टँप पेपरवर सही झाली की विषय संपला. मधे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय म्हणे की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईही त्यानेच द्यायची, गाडी पुढे कितीही हात फिरली तरी. पण त्यांना काय माहीत, आपल्याकडे स्टँप पेपर आहे.

आता त्या परवाच्या इसमाकडे येतो. संध्याकाळची वेळ, नळ स्टॉप, सिग्नल लाल, मी उभा. नळ स्टॉपला संध्याकाळी माणूस दुसरं करतो काय. मागून धाड. मोठी पांढरी गाडी, काचेवर कुठल्याशा दादांचा हात जोडलेला फोटो. साहेब उतरले ते आधी स्वतःचा बंपर बघायला, त्यावर हात फिरवला, समाधान झालं, मग माझ्याकडे वळून म्हणतो कसा, "काका, असा मधेच ब्रेक का मारला?" मधेच! लाल सिग्नलला! मी म्हटलं इन्शुरन्स दाखव. "आहे की, घरी आहे." मग मोबाईलवर दाखव. "व्हॉट्सॅपवर पाठवतो ना काका, नंबर द्या." मी तिथेच सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्याच्या गाडीचा नंबर टाकला तर इन्शुरन्स गेल्या वर्षीच संपलेला, पीयूसी त्याच्याही आधी. तसं सांगितलं तर चेहऱ्यावर लाज नाही, उलट आवाज बारीक करून, "पाचशे गुगल पे करतो, मिटवून टाकू." माझी डिकी लागत नाहीये, टेल लॅम्पचा चुरा रस्त्यावर पडलाय, बंपर एका बाजूने लोंबतोय आणि हा पाचशे! मागचे हॉर्न वाजवताहेत, एक स्कूटरवाला थांबून मलाच समजावतोय की "जाऊ द्या हो काका, तरुण पोरगा आहे." तरुण आहे म्हणून काय? तरुणांना इन्शुरन्स माफ आहे का? आणि पाठोपाठ ते ठरलेलं, "भाऊंशी बोला जरा" म्हणत फोन माझ्या कानाला. कुठले भाऊ, कुणाचे भाऊ, मला काय करायचंय त्या भाऊशी, माझ्या डिकीला भाऊ झाकण लावणार आहे का?

शेवटी काय, क्लेम माझ्याच पॉलिसीवर. प्लास्टिकच्या पार्टवर निम्मा घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, मी सोसायची, वरचे हजार रुपये कंपलसरी वजावट म्हणून मीच भरायचे, आणि २०, २५, ३५, ४५ असा एकेक पायरी चढत ५० टक्क्यांवर आणलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, पुढच्या रिन्युअलला शून्य. चूक त्याची, बोनस माझा गेला! नियमच तसा आहे, तुमची चूक असो नसो, स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम घेतला की बोनस गेला. एक जण म्हणाला त्याच्यावर अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये दावा लाव. बंपरसाठी? शिवाजीनगर कोर्टात? तारखांना माझी नातवंडं जातील.

असो. बंपरचं सोडा.

शेवटची टीप महत्त्वाची आहे. गाडी मित्राला द्या, भाच्याला द्या, शेजाऱ्याच्या पोराला लोणावळ्याला जायला द्या. इन्शुरन्स नसलेली गाडी दुसऱ्याच्या हातात दिली तरी गुन्हा तुमच्यावरही लागतो, आणि भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून तुमचं नाव असतंच. मैत्री अशीच पक्की होते.

आणि मग एक दिवस भाच्याने, किंवा तुम्हीच, नवले पुलाच्या उतारावर कुणाला तरी उडवलं. समजा, बत्तीस वर्षांचा माणूस, धनकवडीत छोटं दुकान, महिन्याला ४०,००० कमावणारा, घरी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. आधीचा तो १,४१६ रुपये फायद्याचा हिशोब आठवतोय ना, आता हा घ्या. वर्षाचे ४ लाख ८० हजार. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढे वाढलं असतं त्याचे ४० टक्के मिळवा, झाले ६ लाख ७२ हजार. तो स्वतःवर खर्च करायचा म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले ५ लाख ४ हजार. वयानुसार ठरलेला गुणक १६, त्याने गुणा. झाले ८० लाख ६४ हजार, वर व्याज. हा हिशोब माझा नाही, सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलाय आणि ट्रिब्युनल त्यानेच चालतं. थर्ड पार्टी पॉलिसी असती तर ही रक्कम कंपनीने भरली असती, माणसाच्या मृत्यूच्या भरपाईला तिथे वरची मर्यादाच नाही. ३,४१६ रुपयांत. पॉलिसी नाही म्हणजे तू भर. नाही भरलेस तर वसुली कलेक्टरकडे जाते, जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी.

आणि तू काय करणार ते मला माहितीये. फ्लॅट बायकोच्या नावावर करणार, गाडी गायब करणार, आणि भाऊंना फोन लावणार. ती बाई हातात ऐंशी लाखांचा निकालाचा कागद घेऊन तुझ्या दाराशी हेलपाटे घालत बसेल, मुलांची फी भरायला दुकान विकेल, आणि तू इथे मला सांगशील की थर्ड पार्टी म्हणजे कंपन्यांची लूट आहे. अरे थर्ड पार्टी म्हणजे ती बाई! तुझ्या गाडीसाठी नाहीच ती पॉलिसी, तुझी गाडी जाऊ दे ना खड्ड्यात, रोज जातेच आहे. रस्त्यावर तुझ्यासमोर जो कुणी येईल त्याच्यासाठी आहे ती. म्हणून कायद्याने सक्तीची केलीये. वीस लाखांच्या गाडीचा हप्ता भरतोस, टोल भरतोस, एक्स्प्रेस वेच्या फूड मॉलला पाण्याच्या बाटलीचे सांगतील तेवढे देतोस, आणि एवढ्यालाच तुझे हात आखडतात?

मोबाईल हातात आहेच. एमपरिवहन उघड, स्वतःच्या गाडीचा नंबर टाक, तारीख बघ. संपली असेल तर आत्ता भर, उद्या नाही. बोनस असेल तर पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो पण जातो, ते पण बघ. आणि पॉलिसी हातात येईपर्यंत किल्ली कपाटात ठेव आणि पीएमटीने फिर. उभं राहून.