परदेशातून : शके, संवत आणि स्कॅनर

बडोद्याच्या आमच्या मित्रमंडळींत सध्या एक वाद रंगलाय. दांडिया बाजाराकडच्या एका जुन्या वाचनालयाची पुस्तकं स्कॅन व्हायची आहेत. एकाचं म्हणणं, "पुस्तकांच्या नोंदी असलेल्या कार्डांची कपाटं रद्दीत काढा. पीडीएफ झाली की सर्च मारायचा, पुस्तक हजर!" दुसरा म्हणतो, अमेरिकेत पुस्तकांच्या नोंदींसाठी वापरतात ती 'आरडीए' नियमावली जशीच्या तशी उचला. मी इथे अमेरिकेत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी-गुजराती पुस्तकांच्या नोंदी करते. मला दोघांचंही पटत नाही, पण धास्ती पहिल्याची जास्त.

समजा, बडोद्यात छापलेली दोन पुस्तकं आहेत. मराठी पुस्तकावर 'शके १८३४', गुजराती पुस्तकावर 'संवत १९६९'. दोन्ही १९१२-१३ मधली. शकात ७८ मिळवायचे, संवतातून ५७ वजा करायचे. शिवाय एकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. हे बडोद्यातल्या कुठल्याही आजोबांना ठाऊक असतं. यंत्र मात्र आकडा दिसला की तो इसवी सन धरून मोकळं होतं. एक पुस्तक पेशवाई बुडून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाचं, तर दुसरं माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षीचं! पीडीएफ शाबूत, पण १९१२ मधलं बडोदं शोधणाऱ्याला दोन्ही गायब.

आता दुसऱ्या मित्राकडे वळते. इथली शिस्त मोठी आहे, नाकारत नाही. पण ती आपल्याला समोर ठेवून बेतलेली नाही. १९६० च्या दशकात संगणकासाठी 'मार्क' हा नोंदींचा साचा आला. त्याच्या मूळच्या अक्षरसंचांत पुढे चिनी, अरबी, हिब्रू लिप्या आल्या. देवनागरी आली नाही. जगातल्या सगळ्या लिप्यांना सामावणारा 'युनिकोड' येईपर्यंत मराठी पुस्तकाची नोंद इथे रोमन लिपीतच, आणि रोमनीकरणाच्या नियमानं शेवटचा 'अ' लिहायचाच, म्हणून 'पाटील' चं होतं 'पाटीला'. आपल्या माणसाला स्वतःच्या आजोबांचं पुस्तक शोधायचं तर आधी त्यांचं आडनाव बिघडवता आलं पाहिजे.

लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयानं, २०११ पासून मार्कच्या जागी 'बिबफ्रेम' हा नवा साचा आणायचं काम हाती घेतलंय. त्यातली एक गोष्ट मात्र बडोद्यानं जरूर घ्यावी : व्यक्तीची ओळख तिच्या नावाच्या स्पेलिंगवर नाही, एका कायमच्या क्रमांकावर ठेवायची. मग गायकवाड मराठीत असोत, गुजरातीत असोत, की इंग्रजीत कुणी 'गायकवार' छापलेले असोत, सगळे एकाच ठिकाणी भेटतात. दोन-तीन भाषांत छापणाऱ्या आपल्या गावाला याहून उपयोगी काय असणार?

आणि उचलेगिरीचंच म्हणाल तर सयाजीरावांनीही १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणलाच होता. पण त्यानं बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण-पद्धत आखली, इथल्याच माणसांना शिकवून तयार केलं, आणि तीन वर्षांत परत गेला. १९१२ मध्ये बडोद्यात सुरू झालेलं 'लायब्ररी मिसेलेनी' हे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत निघायचं. शंभर वर्षांपूर्वी एवढं सुचलं, आणि आपण आज रद्दीवाल्याला हाक मारतोय.

तेव्हा साचा बाहेरचा चालेल. पण नाव आधी मूळ लिपीत, वर्ष छापलंय तसं, त्यापुढे कंसात इसवी सन. आणि कपाटं हलवण्याआधी प्रत्येक कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. टोपणनाव कुणाचं, दुसरी आवृत्ती कुठली, असलं बरंच काही जुने ग्रंथपाल पेन्सिलीनं तिथेच टिपून ठेवत. हे वाचायला दोन्ही लिप्या आणि जमल्यास मोडी येणारी माणसं लागतील, आणि ती बडोद्यात आहेत, निवृत्त होऊन घरी बसलेली. त्यांना 'सेवाभाव' म्हणून फुकट राबवू नका. स्कॅनरचं कोटेशन मागवलंच आहे, तर त्याच कागदावर यांच्या मानधनाचीही एक ओळ येऊ द्या.