२५२० चं ‘गूढ’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरून येतो. रविवारी एका काकांनी पुन्हा टाकला. म्हणे, २५२० ही जगातली एकमेव संख्या, जिला १ ते १० पैकी कशानेही निःशेष भाग जातो. मोठमोठे गणिती चक्रावले, आणि शेवटी रामानुजन यांनी गूढ उकललं : ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२०!

‘एकमेव’ आधी खोडा. ५०४० लाही भाग जातो, ७५६० लाही. २५२० च्या कुठल्याही पटीला जातो. २५२० सर्वांत लहान, एवढंच खरं.

गणिती चक्रावले? हा शाळेतला लसावि आहे हो. आठासाठी तीन २ लागतात, नवासाठी दोन ३, शिवाय एक ५ आणि एक ७. झालं, ८ × ९ × ५ × ७. लसाविची रीत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली. १ ते २० साठी हेच केलं तर २३,२७,९२,५६० येतात. त्याला वार-महिने चिकटवता येत नाहीत, म्हणून तो बिचारा फॉरवर्ड होत नाही.

खरी मखलाशी कॅलेंडरात आहे. ३० म्हणजे २×३×५, १२ म्हणजे २×२×३. त्यात ७ मिळवला की नेमके तेच अवयव हाती येतात. पण त्यासाठी फेब्रुवारीलाही ३० दिवस द्यावे लागतात! खरे ३६५ घेतले तर ७ × ३६५ = २५५५, ज्याला २ नेसुद्धा भाग जात नाही. (पंचांगातल्या ३० तिथी पुढे करू नका, बारा चांद्रमासांचे दिवस भरतात साधारण ३५४.)

राहिले रामानुजन. त्यांचा संबंध आहे, पण वेगळाच. १९१५ च्या लेखात त्यांनी अशा संख्या अभ्यासल्या, ज्यांच्या विभाजकांची संख्या त्यांच्याहून लहान कुठल्याही संख्येच्या विभाजकांपेक्षा जास्त असते. २५२० चे विभाजक ४८, म्हणून ती त्यात बसते. अशा संख्येत २ चा घात ३ च्या घातापेक्षा कमी नसतो, ३ चा ५ च्या घातापेक्षा नाही, असं उतरत जातं. २५२० मध्ये पाहा : ३, २, १, १. हे सौंदर्य सोडून मेसेजवाल्याने वार मोजले.

आणि चार अंकांचं नवलच हवं तर ते आपल्या घरचं आहे. फर्ग्युसनमध्ये शिकलेले, देवळालीत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांचं ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच; शेवटी ६१७४ च येतं. २५२० पासून निघालात तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४.

काकांना हे कळवलं. रात्री साडेदहाला त्यांचा फोन : “८०८२ मधलं शून्य पुढे ठेवायचं की टाकून द्यायचं?”

ठेवायचं, काका. ०२८८.