हेड क्लीनिंगचा मारा नको

इंकजेट प्रिंटरच्या छपाईत पांढऱ्या रेघा आल्या की ‘हेड क्लीनिंग (शाई फवारणारं हेड आपोआप साफ करण्याची प्रिंटरमधली सोय) चार-पाच वेळा चालवा’ हा एका लेखातला सल्ला कृपया पाळू नका. दर क्लीनिंगला नीट चालणाऱ्या रंगांचीही शाई ओढली जाते आणि आतल्या वेस्ट पॅडमध्ये (वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत) जिरते.

आधी नोझल चेक (हेडची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, शाई सोडतात का ते दाखवणारा रेघांचा नमुना) छापा, एकदाच क्लीनिंग करा, पुन्हा नोझल चेक छापून दोन्ही कागद शेजारी ठेवा. तुटक रेघांची जागा बदलत असेल तर बहुधा हवा शिरली आहे. प्रिंटर ६ ते १२ तास नुसता राहू द्या, घाईने केलेल्या क्लीनिंगने बुडबुडे वाढूही शकतात. तीच रेघ त्याच जागी तुटते? मग बहुधा शाई सुकली आहे.

हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असेल तर ते बाजूला सरकवा, ते ज्या रबरी टोपीवर विसावतं तिच्या स्पंजवर डिस्टिल्ड वॉटरचे ४-५ थेंब टाका आणि हेड जागेवर नेऊन रात्रभर ठेवा. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार नोझलमध्ये बसतात. हेड कार्ट्रिजवरच असेल तर काम सोपं: कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर नोझल १-२ मिनिटं टेकवून टिपा. घासू नका.

एकच रंग अडलाय? त्याच रंगाचा भरीव पट्टा छापा, बाकीचे वाचतात.

आणि प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही. मधेच वीज तोडली तर हेड टोपीबाहेर उघडं राहतं आणि शाई तिथेच सुकते.