नाही म्हणायची कळ

विमानाला तीन प्रकारे हलता येतं आणि मराठी माणसाच्या मानेलाही. मान वर-खाली केली की होकार. विमानात त्याला पिच म्हणतात. मान खांद्याकडे कलती केली की ‘बघू, जमवू या काहीतरी’, तो रोल. आणि मान ताठ ठेवून डावी-उजवीकडे हलवली की स्वच्छ नकार. त्याचं नाव यॉ.

मला यॉ जमत नाही. जमिनीवर कधीच जमला नाही, म्हणून तर सलग तीन वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे. पण पन्नाशीला टेकल्यावर अवकाशात जावं आणि तिथेही हेच पुढ्यात यावं?

अवकाश म्हणजे डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेचं खिडकीजवळचं टेबल. रात्री आईची मालिका संपली की तिथून माझं यान सुटतं. ‘एलिट डेंजरस’ नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, २०१४ साली आलेला. एका स्थानकावर माल भरायचा, दुसऱ्या स्थानकावर विकायचा. थोडक्यात, टेम्पो चालवायचा, फक्त आकाशगंगेत. चिरंजीवांनी पहिल्या पगारातून मला जॉयस्टिक आणून दिली आणि वर सांगितलं, “बाबा, खरी मजा हवी तर पायाशी रडर पेडल, म्हणजे सुकाणूची पेडल, पाहिजेत.” किंमत ऐकून मी नुसता रोल केला.

तरी एका मित्राने त्याची पेडल दोन दिवस वापरायला दिली होती. टेबलाखालचा तांदळाचा डबा सौ.ची मिनतवारी करून हलवला, पेडल मांडली, चाकांच्या खुर्चीत बसलो आणि उजवा पाय दाबला. यान उजवीकडे वळलं आणि मी न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने मागे गेलो, थेट दिवाणावर झोपलेल्या आईच्या पायांशी. तिने झोपेतच आशीर्वाद दिला. दुसऱ्या दिवशी पेडल परत गेली, डबा जागेवर आला.

मग मी मनाची समजूत घालू लागलो. अवकाशात सुकाणू हवंय कशाला? सुकाणू वळतं ते पाण्याच्या नाहीतर हवेच्या जोरावर. निर्वात पोकळीत ते हलवणं म्हणजे कोरड्या विहिरीत वल्हं मारणं. तिथे यान वळतं ते बारीक झोतांनी: नाकाशी एका बाजूला फुस्स केलं की नाक दुसऱ्या बाजूला, आणि उलट फुस्स करेपर्यंत ते वळतच राहतं. १९६१ मध्ये अमेरिकन अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड १५ मिनिटांसाठी वर जाऊन आला, त्याच्या मर्क्युरी यानात पायाशी पेडल नव्हतीच. एकच मूठ: पुढे-मागे केली की पिच, बाजूला झुकवली की रोल आणि मनगटात पिळली की यॉ. स्पेस शटलमध्ये पेडल होती, पण ती परत येताना, हवेत शिरल्यावर कामाची. वर कक्षेत तिथेही पिळायची मूठच.

माझी जॉयस्टिकसुद्धा पिळता येणारी! म्हणजे मी शेपर्डच्या परंपरेतला. हे जेवताना सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “पिळायचंच आहे तर मशीन बिघडलंय, चादरी पडल्यात बाथरूममध्ये.”

पिळण्यातली खरी गोम अशी की हात एकच आणि कामं तीन. जोरात पिळायला गेलं की मूठ थोडी झुकतेही, म्हणजे नकार द्यायला जावं आणि त्यात आपसूक ‘बघू या’ मिसळावं. शिवाय मनगटाला कळ लागते ती वेगळीच. डॉक्टरांनी विचारलं, “काय उचललंत?” खरं काय सांगणार? “धान्य,” म्हणालो. सहा महिन्यांत मुठीच्या आतला सेन्सर झिजला. आता हात काढून घेतला तरी यान आपलं मंदपणे डावीकडे वळत राहतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे नक्की जॉयस्टिक असणार. यावर उपाय म्हणून खेळात ‘डेड झोन’ वाढवता येतो, म्हणजे मुठीने मधल्या पट्ट्यात काहीही सांगितलं तरी यान ऐकत नाही. आमच्या ऑफिसात तो दुपारी दोन ते चार असतो.

मग यॉ कीबोर्डच्या दोन कळांवर दिला. पण कळेला थोडंसं ठाऊक नाही. एक तर काहीच नाही, नाहीतर सगळंच. एकदा “यॉ! यॉ!” असा ओरडलो, तर आतून आई पदर सावरत आली. “या म्हणतोस, पण आलंय कोण?”

गंमत म्हणजे या खेळात यॉ मुद्दामच लंगडा ठेवलाय, लढाई विमानांसारखी घिरट्या घेत व्हावी म्हणून. १९८४ चं मूळ ‘एलिट’ तर यॉ नसलेलंच. त्यामुळे जुने खेळाडू उजवीकडे जायचं तर यान उजव्या कुशीवर घेतात, नाक वर खेचतात आणि पुन्हा सरळ होतात. रोल, पिच, रोल. म्हणजे ‘नाही’ म्हणायचं तर आधी ‘बघू या’, मग ‘हो’, मग परत ‘बघू या’. हे मला पहिल्याच दिवशी जमलं. पन्नास वर्षांचा सराव होता.

स्थानकाचं दार टपालपेटीच्या फटीसारखं, तेही गरगर फिरणारं. त्याच्याशी रोल करत जुळवून घ्यायचं. जुळवून घेण्यात मला कोण हरवणार? अडतं ते आत. पंचेचाळीस फलाट, त्यातला एक आपला, दहा मिनिटांची मुदत, आणि वर घोषणा, की रेंगाळणाऱ्याला देहदंड. (हा नियम डोंबिवली स्टेशनला लावला तर संध्याकाळपर्यंत शहर ओस पडेल.) फलाटावर यान ठरलेल्या दिशेलाच तोंड करून उतरवावं लागतं. नाक जरा वाकडं असेल तर इथे कुशीवर होता येत नाही, पंख घासतो. इथे निखळ, ताठ मानेचा यॉच हवा. डॉकिंग कॉम्प्युटर लावला की यान आपोआप उतरतं, पण मग मी काय नुसता क्लीनर म्हणून बसू?

परवा रविवारी असाच फलाटावर लोंबकळत होतो. नाक दोन बोटं डावीकडे, मूठ डावीकडेच ओढतेय, उजव्या कळेवर बोट ठेवलं की नाक पार पलीकडे, दीड मिनिट उरलेलं. तेवढ्यात बेल वाजली. सोसायटीचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी. अध्यक्ष माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाले, “फार वेळ घेत नाही. यंदाही खजिनदार तुम्हीच राहा, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.”

दोन्ही हात गुंतलेले, डोळे पडद्यावर, दात आवळलेले. बोलायची सोय नव्हती. पण या वेळी मी निश्चय केला होता. मान पूर्ण उजवीकडे कलती केली, वर खेचली, पुन्हा सरळ केली. अवकाशाच्या हिशोबाने याहून स्पष्ट नकार असू शकत नाही.

“वा! मला खात्रीच होती,” म्हणत अध्यक्षांनी पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं. नेमकं कीबोर्डवर, उजव्या यॉच्या कळेवर.