‘ॲन्टीसोशल’ म्हणजे माणूसघाणा? गेम्सविषयीच्या एका शब्दयादीला उत्तर

इंग्रजीच्या परीक्षांची आणि मुलाखतींची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये एक शब्दयादी फिरते आहे. व्हिडिओ गेम्सच्या सामाजिक परिणामांवर लिहा किंवा बोला असं सांगितलं, तर सहा शब्द पुरेत, असा तिचा दावा. ॲन्टीसोशल, ॲडिक्शन, व्हायलन्स, डिसेन्सिटाइझ, एस्केपिझम आणि सगळं जोडायला ‘लीड्स टू’. प्रत्येकापुढे एकेक मराठी अर्थ, एकेक तयार वाक्य आणि तळाला सल्ला: शब्द जितका जड, तितके गुण जास्त.

मी इंग्रजी शिकवते. ही यादी इतक्या वह्यांतून माझ्यासमोर आली आहे की तिला नीट उत्तर द्यायलाच हवं. सहाही शब्द खरे आहेत, रोजच्या वापरातले आहेत. पण त्यांचे अर्थ इतके सैल दिलेत की मुलांच्या तोंडून नकळत भलतेच आरोप निघतात.

‘ॲन्टीसोशल म्हणजे माणूसघाणा’

एका विद्यार्थिनीने धाकट्या भावावर निबंध लिहिला होता. शाळेतून आला की हेडफोन चढवतो, चार मित्रांबरोबर गेम खेळतो, मोठमोठ्याने हसतो आणि पाहुणे आले तरी खोलीबाहेर येत नाही. त्याखाली तिचं वाक्य: ‘माझा भाऊ ॲन्टीसोशल झाला आहे.’

मी तिला विचारलं, इंग्रजी बातम्यांत ‘ॲन्टीसोशल एलिमेंट्स’ असतं, त्याला मराठी वर्तमानपत्र काय म्हणतं? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘समाजकंटक.’ मग तिनेच ते वाक्य खोडलं.

घरगुती इंग्रजीत कुणी ‘आज मला कुणात मिसळायचं नाही’ या अर्थी हा शब्द वापरतं, ते चालून जातं. पण सामाजिक परिणामांची चर्चा सुरू झाली की मानसशास्त्रात आणि कायद्यात त्याचा अर्थ इतरांना त्रास देणारं, नियम मोडणारं वागणं असाच होतो. ब्रिटनमध्ये तर २०१४ च्या एका कायद्याच्या नावातच हा शब्द आहे. लोकांत न मिसळणाऱ्यासाठी ‘अनसोशिएबल’ आहे, हळूहळू माणसांपासून दूर सरकलेल्यासाठी ‘विथड्रॉन’. आणि चार मित्रांशी तासभर खिदळणाऱ्या या पोराला दोन्ही लागू नाहीत. पाहुण्यांना टाळतो, एवढंच खरं. मग तेवढंच लिहावं.

‘गेम खेळणं हे ॲडिक्शन आहे, डब्ल्यूएचओनेच तो आजार ठरवला’

मराठीत आपण किती बारकाईने बोलतो ते आधी आठवू. कुणाला एखाद्या गोष्टीचा छंद असतो, कुणाला नाद लागतो, कुणाला वेड असतं, कुणाला चटक लागते, कुणी आहारी जातो आणि कुणाला व्यसन जडतं. यातला कुठला शब्द कुठे बसतो हे आपल्या आजीलाही विचारावं लागत नाही. इंग्रजीतही अशाच पायऱ्या आहेत: हॉबी, पॅशन, हुक्ड, ऑब्सेस्ड, कम्पल्सिव्ह आणि अगदी शेवटी ॲडिक्टेड. यादीने मधल्या सगळ्या पायऱ्या काढून टाकल्या.

आता डब्ल्यूएचओ. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणाला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झालं. त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही नोंद आहे, हे खरं. पण ती वाचा. खेळण्यावरचा ताबा सुटलेला असणं, इतर आवडी आणि रोजची कामं मागे सारून खेळालाच अग्रक्रम मिळत जाणं आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहणं किंवा वाढणं, अशी तीन लक्षणं तिथे एकत्र मागितली आहेत. त्यातून घर, शिक्षण, काम यांचं ठळक नुकसान व्हायला हवं आणि हे साधारणपणे किमान १२ महिने दिसायला हवं. सुट्टीत रात्रभर जागून खेळणारा मुलगा यात बसत नाही. त्याला झोप हवी आहे, निदान नको.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने तर २०१३ मध्ये ‘इंटरनेट गेमिंग डिसऑर्डर’ला आणखी अभ्यासाची गरज असलेल्या स्थितींमध्ये ठेवलं. दोन्हीकडे शब्द डिसऑर्डर आहे आणि तो माणसाच्या वागण्याला लावलेला आहे, खेळाला नाही. ज्या घरात खरोखर कुणी आहारी गेलंय, तिथल्यांना हा फरक फार लागतो. सगळ्यांनाच ॲडिक्ट म्हटलं की ज्याला मदत हवी तो गर्दीत हरवतो.

जाता जाता व्याकरणाची एक चूक, कारण ती दर तिसऱ्या वहीत असते. ‘ॲडिक्टिव्ह’ खेळ असतो, ‘ॲडिक्टेड’ माणूस असतो. आणि गेमच्या परीक्षणात ‘ॲडिक्टिव्ह’ हे बऱ्याचदा कौतुकाने म्हटलेलं असतं, सोडवत नाही या अर्थाने.

‘व्हायलेंट गेम्स लीड टू व्हायलन्स’

यादीतलं हे सर्वांत लाडकं वाक्य, आणि मुलं ते सर्वांत ठामपणे लिहितात. इथे दोन शब्द एकात कोंबले गेलेत: ॲग्रेशन आणि व्हायलन्स, म्हणजे आक्रमकता आणि हिंसा. व्हायलन्स म्हणजे मारहाण, इजा. ॲग्रेशनची व्याप्ती मोठी आहे. कुणाला दुखवायच्या हेतूने केलेलं बोलणंही त्यात येतं.

संशोधनात ॲग्रेशन मोजतात कसं, हे पाहिलं की फरक लख्ख दिसतो. एका चाचणीत अक्षर गाळलेले इंग्रजी शब्द पुरे करायला देतात. त्यातल्या एका शब्दात ‘आर’ भरलं तर ‘एक्स्प्लोर’ होतो, म्हणजे धुंडाळणं. ‘डी’ भरलं तर ‘एक्स्प्लोड’, म्हणजे स्फोट होणं. गेम खेळून झाल्यावर कुणी जास्त वेळा ‘डी’कडे वळला, तर त्याच्या मनात आक्रमक विचार जास्त, असं धरतात. दुसऱ्या एका चाचणीत प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाज किती मोठा आणि किती वेळ ऐकवायचा हे खेळणाऱ्याने ठरवायचं असतं. तो प्रतिस्पर्धी बऱ्याचदा अस्तित्वातच नसतो. अशा मोजमापांतून निघालेल्या निष्कर्षावर ‘गेम्समुळे खून होतात’ हे वाक्य उभं करणं म्हणजे राईचा पर्वत.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये हिंसक गेम्स आणि ॲग्रेशन यांचा संबंध मांडणारा ठराव केला होता. २०२० मध्ये तो सुधारताना संघटनेने मुद्दाम स्पष्ट केलं की प्रत्यक्ष हिंसक कृत्यांशी कार्यकारण संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही. ॲग्रेशनशी लहानसा संबंध त्यांनी कायम ठेवला. त्यालाही आव्हान देणारे अभ्यास आहेत: २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांच्या पाहणीत हिंसक गेम्स आणि पालकांनी सांगितलेली आक्रमकता यांत संबंध आढळला नाही. म्हणजे ॲग्रेशनवर वाद चालू आहे. व्हायलन्सबद्दल मात्र ‘लीड्स टू’ म्हणायला आधार नाही.

हे क्रियापद येतं कुठून? मला वाटतं आपल्या ‘-मुळे’मधून. गेममुळे चिडचिड, गेममुळे भांडण. मराठीत तो प्रत्यय सहज निसटतो आणि ऐकणाराही फार ताणत नाही. इंग्रजी वादविवादात ‘कॉझेस’ आणि ‘लीड्स टू’ पुरावा मागतात. दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच माहीत असेल तर ‘इज असोशिएटेड विथ’. अनेक कारणांपैकी हेही एक असू शकेल, तर ‘मे कॉन्ट्रिब्यूट टू’. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अल्पवयीनांना हिंसक गेम्स विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. सरकारने पुढे केलेले अभ्यास फार तर कोरिलेशन म्हणजे सहसंबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, हा त्या निकालातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. ज्या फरकावर खटल्याचं पारडं फिरतं, तो आपल्या मुलांच्या हातून का निसटू द्यायचा?

‘डिसेन्सिटाइझ म्हणजे क्रूर होणं’

मराठीत डोळे सरावतात, भीड चेपते, मन निबर होतं आणि माणूस निर्ढावतो. डिसेन्सिटाइझ या शब्दात फक्त संवेदना बोथट होणं आहे. ते भलं की वाईट, हे संदर्भ ठरवतो. याच शब्दाच्या नावाची एक उपचारपद्धती आहे. जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात ती मांडली. उंचीची किंवा कोळ्याची भीती वाटणाऱ्याला शांत ठेवून पायरीपायरीने त्या भीतीजवळ नेतात. म्हणून ‘डिसेन्सिटाइझ टू’ कशाला, हे वाक्यात यायला हवं. पडद्यावरच्या रक्ताला डोळे सरावले, याचा अर्थ समोर पडलेल्या माणसाचं काही वाटेनासं झालं असा होत नाही. ते वेगळं दाखवावं लागतं.

‘एस्केपिझम म्हणजे पलायनवाद’

अर्थ बरोबर, पण दिवसभर राबलेल्या माणसाने अर्धा तास कादंबरी वाचली तर आपण त्याला पळपुटा म्हणत नाही. तेवढ्यासाठी ‘अनवाइंड’ आहे, म्हणजे शिणवटा घालवणं.

‘जड शब्दाला जास्त गुण’

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाचे चार निकष सारख्याच वजनाचे आहेत. शब्दसंपदा त्यातला एक, आणि तिथेही शब्द नेमका आहे का, शेजारच्या शब्दाशी जुळतो का, हे बघितलं जातं. ‘हॅव ॲन इम्पॅक्ट ऑन’, ‘ॲडिक्शन टू’, ‘एक्स्पोझर टू’ या साध्या जोड्या बिनचूक आल्या तर अस्थानी पडलेल्या ‘डिसेन्सिटायझेशन’पेक्षा कितीतरी बऱ्या.

‘हे सहा पुरेत’

पुरत नाहीत, आणि मला सर्वांत जास्त राग याचाच येतो, कारण खरोखर काळजी करण्यासारख्या गोष्टींची नावंच यादीत नाहीत. पैसे मोजून आत काय निघेल हे न कळता उघडायची ती पेटी, तिला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पैशांच्या पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. ‘गेमिंग’ आणि ‘गॅम्बलिंग’ यांतली रेषा कुठे पुसट होते, ही आजची मोठी चर्चा आहे, आणि यादी पाठ केलेल्या मुलाकडे तिच्यासाठी एक शब्द नाही. तसंच ‘हॅरासमेंट’. २०१४ च्या गेमरगेट प्रकरणात गेम्सच्या क्षेत्रातल्या स्त्रियांना धमक्या आल्या, त्यांचे खासगी तपशील उघड केले गेले. त्या उघड करण्याला ‘डॉक्सिंग’ म्हणतात. याला नुसतं ‘टॉक्सिक’ म्हणणं फारच मवाळ आहे.

चांगल्या बाजूचाही एक शब्द नाही. २०११ मध्ये ‘फोल्डइट’ नावाचा गेम खेळणाऱ्यांनी एका विषाणूच्या विकराची म्हणजे एन्झाइमची रचना तीन आठवड्यांच्या आत उलगडायला मदत केली. शास्त्रज्ञ त्यावर अनेक वर्षं अडले होते. त्याला ‘कोलॅबरेशन’ म्हणतात.

त्या विद्यार्थिनीने निबंध पुन्हा लिहिला. भावाचं वाक्य आता असं आहे: तो मित्रांशी खूप बोलतो, घरच्यांशी कमी. खाली तिने समासात मला विचारलंय, ‘मॅडम, याला एक शब्द आहे का?’ मी लिहिलं, नाही, हे वाक्यच राहू दे.