कर्नाळ्याचा तो फॉरवर्ड आणि "अजिंक्य" वगैरे

पाऊस सुरू झाला की कर्नाळा किल्ल्याचा एक मेसेज पनवेल-पेणच्या सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. सुळका पांडवांनी रचलाय, किल्ला शिवरायांनी बांधला, तो शेवटपर्यंत अजिंक्य राहिला, मग इंग्रजांनी चिडून तोफांनी उडवला आणि सुळक्याखालून थेट पनवेलच्या खाडीपर्यंत भुयार आहे, असं सगळं त्यात. यंदा मामाने पाठवला, खाली "अभिमान असेल तर शेअर करा". मामा, अभिमान आहेच हो, पण यातलं बरंचसं खोटंय.

सुळका कोणी रचलेला नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड आहे तो, आजूबाजूचं मऊ ते पावसाने झिजलं आणि कठीण ते उभं राहिलं. पांडवांना यात कशाला ओढायचं?

बांधला कोणी? देवगिरीच्या यादवांच्या काळापासून किल्ला होता असं मानतात, म्हणजे महाराजांच्या तीनशे-साडेतीनशे वर्षं आधी. बोरघाटातून बंदरांकडे उतरणाऱ्या वाटांवर लक्ष ठेवायला एवढी मोक्याची जागा कोण मोकळी सोडेल.

आता अजिंक्य. खरं तर कर्नाळ्याची गंमतच ही की तो सारखा हातातून हातात गेलाय. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशहाने तो गुजरातच्या सुलतानाकडून घेतला, सुलतानाने वसईच्या पोर्तुगीजांना मदतीला बोलावलं, त्यांनी किल्ला परत मिळवून दिला, आणि पुढे त्याच पोर्तुगीजांनी वर्षाला ५००० सोन्याचे पार्दाव (तेव्हाची नाणी) ठरवून तो निजामशहाच्याच पदरात टाकला!! इतका झकास व्यवहार सोडून लोक भुयार काय शोधतात देव जाणे. नंतर तो महाराजांकडे आला, पण १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात कर्नाळाही होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला, समोर आडोशाचे मोर्चे उभारत उभारत, त्यामागून पुढे सरकत. आता सांगा, किल्ला कायम आपल्याकडेच होता म्हटलं की ही १६७० ची लढाईच पुसली जाते ना? जे लढले त्यांचं काय मग? महाराजांनंतर परत मोगल, मग १७४० मध्ये पेशवे.

इंग्रजांचं म्हणाल तर १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला घेतला हे बरोबर. तेव्हा किल्लेदार होते अनंतराव फडके, शिरढोणच्या क्रांतिकारक वासुदेव बळवंतांचे आजोबा. (हे मात्र फॉरवर्डमध्ये नाही, जे खरंच मिरवण्यासारखं आहे ते.) पण आज तटाची जी दशा दिसते तिचं सगळं बिल तोफांच्या नावावर फाडू नका. दरवाजाजवळची भिंत नीट बघा, चिऱ्यांच्या सांध्यातला चुना पावसाने धुवून गेलाय, तिथे झाडाची मुळी शिरलीय आणि दरवर्षी जाड होत दगड बाहेर ढकलतेय. दोनशे पावसाळे हे चाललंय, भोवती अख्खं जंगल, १९६८ पासून अभयारण्य, तोफेची गरजच काय.

राहिलं भुयार. सुळक्याच्या बुडाशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आणि धान्याची कोठारं आहेत, त्यातल्याच एखाद्या काळोख्या तोंडाचा फोटो फॉरवर्डला जोडलेला असतो. आत टॉर्च मारा, मागची भिंत दिसते, छिन्नीच्या खुणांसकट. इथून खाडीपर्यंत काळ्या पाषाणातून दहा-बारा किलोमीटर खोदायचं तर निघालेला दगड टाकला कुठे, आणि आतल्या माणसाने श्वास कसा घेतला? तेवढं कोणी सांगत नाही.

एवढं लिहितोय कारण हा मेसेज वाचून पोरं टॉर्च आणि डिओ मारून तिथे आरडाओरडा करत शिरतात, आणि बरोबर डोक्यावर सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात. वासाने, आवाजाने ती उठली तर खाली यायला वाट एकच आहे, तीही अरुंद आणि पावसात शेवाळलेली, मागून येणाऱ्यांनी भरलेली. मामा, फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा.