पोपटी की पिस्ता?

"फार काही करावं लागत नाही हो, समुद्र आपला आपण चालतो," असं म्हणत बाणेरच्या त्या गृहस्थांनी मला आपली खाऱ्या पाण्याची टाकी दिली. मुलीचं लग्न एकदाचं पार पडल्यावर बापाच्या चेहऱ्यावर दिसतो, तसा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. मला ते वियोगाचं दुःख वाटलं.

टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण १९० लिटर. आत नारिंगी क्लाउनफिशची जोडी, एक लाल पट्ट्यांचा क्लीनर श्रिंप (कोळंबीचाच भाऊबंद), सहा गोगलगायी आणि लाइव्ह रॉकचे धोंडे. या दगडांच्या छिद्राछिद्रांत जिवाणू राहतात, म्हणून तो जिवंत दगड, असं मी आईला समजावलं. तासाभरात शेजारच्या काकूंना बातमी पोचली, की आमच्याकडे दगडसुद्धा जिवंत आहे.

भर मे महिन्यात बाणेर ते कोथरूड टेम्पोनं आणलेला हा समुद्र तिसऱ्या दिवशी गढुळला. जुनं कपाट सरकवलं की मागून काय काय निघतं, ते आपल्याला माहीत असतं. हलवाहलवीत ढवळलेल्या वाळूच्या पोटातून तेच निघालं. तसं सगळ्याच टाक्यांत चालतं ते असं: घाणीपासून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. सरकारी कचेरीत फाइल फिरते तशी. आमच्याकडे पहिल्या टेबलावरची निम्मी मंडळी टेम्पोतल्या उन्हात दगावली होती आणि फाइल अमोनियापाशी तुंबली होती.

हे कळलं ते टेस्ट किटमुळे. काचेच्या नळीत ५ मिलि पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग कार्डावरच्या चौकोनांशी ताडून बघायचा. पिवळा म्हणजे उत्तम, जितका हिरवा तितकं संकट. सोपं वाटतं. पण ट्यूबलाइटखाली तो रंग मला पिवळा दिसला, बायकोला हिरवा दिसला आणि चौदा वर्षांच्या संसारातले बाकीचे मतभेद त्या नळीत उतरू लागले.

"पोपटी आहे," मी म्हणालो.

"पोपटी असा असतो? हा सरळ सरळ हिरवा आहे. तुला माझ्या साखरपुड्याच्या साडीचा रंग तरी आठवतोय का?"

शेवटी आई चष्मा पुसत आली. नळी खिडकीपाशी नेऊन कापडाचा पोत बघावा तशी तिनं ती फिरवली आणि निकाल दिला, "पिस्ता. पोपटीला जरा जास्त तेज असतं."

त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख आई झाली. कार्डावरचे आकडे तिनं कधी वाचले नाहीत. अमोनिया 'पिस्ता'वरून 'लिंबू'वर आला. नायट्राइट 'वांगी रंगा'वरून उतरत 'आकाशी'पाशी थांबला. नायट्रेट काही काळ 'डाळिंबी' होता, तो 'अबोली'पर्यंत खाली आणायला मला दर रविवारी २० लिटर पाणी बदलावं लागलं. मी या सगळ्याची वही ठेवली आहे. साडीच्या दुकानाची बिलबुकं अशीच दिसत असावीत.

मग उकाडा. पाणी ३० अंशांवर गेलं, म्हणून मी टाकीवर छोटा पंखा लावला. पाणी गार झालं, पण रोज दोन-अडीच लिटर हवेत उडू लागलं. समुद्र कमी होतोय म्हटल्यावर मी त्यात खारं पाणी घालत गेलो. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, हे मी शाळेत मिठागराच्या धड्यात लिहून चांगले पाच मार्क मिळवले होते. तरीही १.०२५ हवी ती घनता १.०३०च्या वर गेल्यावरच माझी ट्यूब पेटली. "कणकेचा गोळा टाक," आई म्हणाली. "आमटी खारट झाली की आपण टाकतोच ना."

याच धांदलीत एका सकाळी श्रिंप वाळूवर आडवा दिसला. मिशा, पाय, पट्टे, सगळं जागच्या जागी, फक्त जीव नाही. लेक इतकी रडली की शाळा बुडाली. मोगऱ्याच्या कुंडीत त्याचे अंत्यसंस्कार झाले. मासळीखाऊ शेजारी काका सांत्वनाला आले आणि "एकाच्या जागी पावशेर असती तर..." एवढं बोलून गप्प झाले. संध्याकाळी दिवंगत श्रिंप दगडामागून नवाकोरा होऊन बाहेर आला. सकाळी आम्ही पुरली ती त्यानं टाकलेली कात होती.

गोगलगायींच्या बाबतीत मात्र असा चमत्कार झाला नाही. जूनच्या अखेरीस अमोनिया लिंबू, नायट्राइट आकाशी, घनता १.०२५, सगळं पंचांगात बघून लावल्यासारखं होतं आणि तरी एकेक गोगलगाय काचेवरून गळून पडत होती. सहातल्या चार गेल्या. श्रिंप कोपरा धरून बसला. मासे मात्र मजेत जेवत होते.

दुकानदारानं फोनवर सगळं ऐकून एकच विचारलं, "सर, पाण्यात तांबं कुठून येतंय का?" माशांच्या कातडीवरच्या परजीवींवर तांब्याचंच औषध देतात, मासे ते सोसतात, पण गोगलगाय आणि श्रिंपला ते जरासंही विष. मी पंपाच्या वायरी तपासल्या. नाण्यांच्या शोधात वाळू चाळली. लेकीची उलटतपासणी घेतली. तांब्याची वेगळी किट आणली. त्यातही रंग चढला. नळी घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो.

"मोरचुदी," आई लांबूनच म्हणाली. आणि तेव्हा मला तिच्यामागे ओट्यावर चिंचेनं घासून लखलखीत केलेली तांब्याची कळशी दिसली.

मी ऑफिसला जाताना उडालेलं पाणी भरून काढायला आरओच्या पाण्याचा कॅन ठेवून जायचो. टाकीत ओतायचं काम आईकडे.

"त्या मशीनच्या पाण्यात कसला आलाय जीव? मेलेलं पाणी ते," आई शांतपणे म्हणाली. "मी आपलं रात्रभर कळशीत ठेवते आणि सकाळी घालते. तुझ्या बाबांचं पित्त त्यानंच गेलं."

पुढचे तीन आठवडे मी दर दोन दिवसांनी ४० लिटर पाणी बदललं. दर खेपेला दीड किलो मीठ, आणि तेही किराण्यातलं नव्हे. फिल्टरमध्ये कार्बनच्या पुड्या भरल्या. श्रिंप बाहेर आला, दोन गोगलगायी तगल्या. आईनं माफी वगैरे मागितली नाही. कॅनवर मात्र खडूनं 'माशांचं' असं लिहिलं आणि कळशी देवघरात नेऊन ठेवली.

काल नारळी पौर्णिमा होती. संध्याकाळी आई हळदकुंकू वाहिलेला, शेंडीवाला नारळ घेऊन टाकीसमोर उभी.

"आई, नको! नारळ कुजला की अमोनिया वाढेल."

"अख्खा नाही रे टाकत. फोडून नुसतं पाणी शिंपडते," ती म्हणाली. "नळी आहे ना घरात? उद्या रंग बघू."